उजवीकडचा पडदा

निळी पट्टी शंभरावर पोचली.
ओयार्सनं पेनड्राइव्ह उपटला, हात चोळले,
म्हणाला, झालं लिनक्स. मिर्द्झा, उठव आता त्याला.
उठवलं.
पडदा काळा ठिक्कर.
आत मात्र पंखा फिरतोय,
कीबोर्डवरचा हिरवा दिवा दाबला की लागतो, दाबला की विझतो.
म्हणजे जिवंत आहे. फक्त तोंड दाखवत नाही.

लिएपायाला जानेवारीत चारलाच अंधारतं.
समुद्रावरचा वारा खिडकीच्या फटीतून शिट्टी घालत होता.
टेबलावर काळा पाव, खारवलेले मासे,
आणि आम्ही दोघं, मिळून एकशे एक्केचाळीस वर्षांचे,
एका काळ्या काचेसमोर
फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे.

ओयार्सला एक शब्द ठाऊक होता.
सुरू होताना ई दाबायचं, लांबलचक ओळीच्या शेवटी
तो टंकायचा: नोमोडसेट.
टंकला. चित्र आलं खरं,
पण अक्षरं कोबीच्या गड्ड्याएवढी, गोल ते सगळं चपटं,
नातीचा चेहरा चमच्याच्या पाठीवर दिसावा तसा.
ओयार्स म्हणाला, चालवून घे.

मी लेसच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते.
चालवून घे, हे मला रोज कुणीतरी म्हणायचं.

तो कोट चढवून गेला. मी सगळे अपडेट उतरवून घेतले,
तो शब्द खोडला, पुन्हा सुरू केलं.
या वेळी डोंगर आला, तळं आलं,
पण मेनू नाही, घड्याळ नाही, काही उघडलं तर दिसत नाही.
माउसचा बाण उजवीकडे गेला
आणि कडेवरून पलीकडे उतरला.
डावीकडे ओढत राहिले तेव्हा परत आला,
बाहेर जाऊन आलेल्या मांजरासारखा, काही न सांगता.

लेस तपासताना भोक शोधायचं नसतं.
लेस म्हणजे भोकंच.
नक्षीत नसलेलं भोक शोधायचं.

कंट्रोल, ऑल्ट, एफ-थ्री.
नुसत्या अक्षरांची खोली उघडली. तिथं विचारलं,
तुला पडदे किती?
दोन, म्हणाला.
एक हा. दुसरा टीव्ही, जोडलेला, उजव्या हाताला,
आणि तोच मुख्य.

टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले. गुडघे कुरकुरले.
मागे एक गोल भोक, आत टाचणी जाईल अशी चार छिद्रं,
त्यांत राखाडी धूळ.
वायर नाही.
एडविन्सनं एकदा हॉकीच्या मॅचसाठी इथं वायर लावली होती.
तो टीव्ही भंगारात गेला,
एडविन्स आयर्लंडला, मशरूमच्या शेडवर.

ओयार्सला फोन केला. म्हटलं, याला टीव्ही आठवतोय.
आठवण-बिठवण काही नाही, तो म्हणाला,
डिस्क आज दुपारीच पुसली ना आपण?
ते त्या भोकात किंचित वीज सोडून विचारतं, कुणी आहे का,
आणि ही जुनी चिप चुकीचं ऐकते.
त्याच्या नावापुढे दोन टिंबं दे आणि डी. डी म्हणजे बंद.

मी लगेच नाही लिहिलं.
आधी कॅल्क्युलेटर उघडला. पलीकडे उघडला असणार.
एकतीस गुणिले बारा केलं.
उत्तर पलीकडे आलं असणार.

मग लिहिलं. दोन टिंबं, डी.

आता बाण उजव्या कडेला आपटतो आणि थांबतो.
पुन्हा आपटला. पुन्हा थांबला.
काठ सरळ, वीण शाबूत.
माझा चौदा नंबरचा शिक्का असता तर मारला असता.

रात्री एडविन्सला कॅमेऱ्यावर बोलावलं.
पूर्ण चेहरा आला, गोल तो गोल, कानासकट.
ओठ हलत होते, हसत होता कशाला तरी.
आवाज येत नव्हता.
ते उद्या.